जुझाचा सज्जा

अध्यक्ष विस्तिन दुकानात शिरला तेव्हा जुझा बटणांचे पुठ्ठे फडक्यानं पुसत होती. बापाच्या मरणानंतर या माणसानं तिच्या उंबरठ्यावर पाऊल टाकलं नव्हतं. रस्त्यात समोर आला तर तो घड्याळात बघायचा आणि ती समोरच्या भिंतीकडे.

"मी गिऱ्हाईक म्हणून नाही आलो," तो म्हणाला.

"दिसतंच आहे. गिऱ्हाईक आत येताना टोपी काढतं."

त्यानं टोपी काढली. डोक्यावरचे केस पार गेले होते. लहानपणी याच डोक्यावर ती गुलाबी कागदाचे कपटे उधळायची आणि हा तिला खांद्यावर घेऊन मिरवणुकीत नाचायचा. तिच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरणारा धर्मपिता हाच. तेव्हा ती त्याला काका म्हणायची.

"काम मंडळाचं आहे," तो म्हणाला. "माझं नाही. संताचं म्हण हवं तर."

काम असं होतं. संत वित्तोरची मूर्ती इथल्या चर्चच्या परगण्यात आली त्याला यंदाच्या ऑगस्टात तीनशे वर्षं पुरी होत होती. खालच्या अंगाच्या लाल मंडळानं मागच्याच वर्षी आपल्या संतावर चांदीची मेघडंबरी चढवली होती आणि तेव्हापासून वॅलेट्टाच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर विस्तिनच्या निळ्या मंडळाची मान खाली होती. म्हणून विस्तिननं सिसिलीहून कारागीर आणवून चांदीचीच, पण लालांच्या वर हातभर चढेल अशी मेघडंबरी घडवून घेतली. चार कोपऱ्यांवर चार देवदूत, मध्ये कळस. मूर्ती त्यात बसवली, पेच आवळले, सगळे टाळ्या वाजवून मोकळे झाले आणि मग कार्मनू सुतारानं वाटेची मापं घेतली. जुझाच्या घराचा लाकडी, खिडक्या लावलेला बंद सज्जा सगळ्या गल्लीत जास्त बाहेर आलेला. मेघडंबरी त्याच्याखालून जाणार नव्हती. दुसरी वाट म्हणावी तर शेजारची गल्ली युद्धात बॉम्ब पडल्यापासून अजून दगडमातीनं भरलेली.

"फक्त सज्ज्याचा खालचा भाग काढायचा," विस्तिन म्हणाला. "कार्मनू काढेल आणि दुसऱ्या दिवशी होता तसा बसवून देईल. खर्च मंडळाचा."

जुझानं पुठ्ठा कपाटात ठेवला. विस्तिन भांडायच्या तयारीनं आला होता, ते त्याच्या गळ्याच्या शिरांवरून दिसत होतं.

"काढा की," ती म्हणाली. "संताला नाही म्हणणारी मी कोण?"

विस्तिनचा जीव भांड्यात पडला. त्यानं टोपी डोक्यावर चढवली, दाराशी गेला आणि वळून हसत म्हणाला, "नेनूची पोर शोभतेस हो!"

तोवर जुझानं मनात काही ठरवलं नव्हतं. खरोखरच काढू द्यायचा, असंच तिच्या डोक्यात होतं, कटकट मिटते. पण बापाचं नाव त्या माणसानं इतक्या सहज, टोपी घालता घालता उच्चारलं, आणि तिचं मन फिरलं.

मास्तर नेनू म्हणजे निळ्या मंडळाचा बँडमास्तर. युद्धाच्या आधीपासून मंडळ वाजवायचं ते सगळं त्याच्या हातचं. विस्तिन आणि तो एका ताटात जेवायचे. युद्ध संपलं, लोक गावांकडून परत आले, बंदरात पुन्हा बोटी लागू लागल्या, आणि जुझाच्या आईच्या छातीत पाणी झालं. डॉक्टर, औषधं, दूध, अंडी. नेनू मंडळात विस्तिनकडे मदत मागायला गेला. विस्तिन वर पत्ते खेळत होता. त्यानं निरोप पाठवला, उद्या ये. नेनू जिन्यात बराच वेळ उभा राहिला आणि घरी आला. त्याच आठवड्यात लाल मंडळाचा माणूस दाराशी आला. मिरवणुकीत वाजवायला एक कूच लिहून द्या मास्तर, नाव कुठे येणार नाही, म्हणाला. नेनूनं लिहून दिली. बायको तरीही गेली. नाव तर आलंच, कारण नेनूची कूच दोन ओळी ऐकली की सगळं शहर ओळखायचं.

विस्तिननं सभा बोलावली. नेनूला मंडळातून काढलं. सभागृहात संगमरवरी फळ्यावर बँडमास्तरांची नावं कोरलेली होती. त्यातलं नेनूचं नाव विस्तिननं छिन्नी घेऊन स्वतःच्या हातानं खरवडलं. त्या हिवाळ्यात नेनू गेला. बँडमास्तर मेला की मंडळाचा बँड चर्चच्या दारापासून त्याला पोचवायला येतो, ही तिथली रीत. जुझानं शवपेटी चर्चच्या दाराशी थांबवून ठेवली. पाद्री घड्याळ बघत राहिला. वाद्यं मंडळाच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली विस्तिनच्या खिशात. फक्त म्हातारा साल्वू, पहिला क्लॅरिनेटवाला, टोपी छातीशी धरून रिकाम्या हातानं कोपऱ्यात उभा होता. लालांनी निरोप धाडला, आमचा बँड पाठवू का? जुझानं उलट निरोप दिला, "तो तुमचा नव्हता."

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित तिनं गिळलं असतं. पण पुढच्या उत्सवात निळा बँड तिच्या सज्ज्याखालून गेला तो नेनूचीच कूच वाजवत. माणूस नको होता, सूर हवे होते. दरवर्षी तेच. दरवर्षी ती खिडक्या लावून आत बसायची आणि दरवर्षी ते सूर फटींतून आत यायचे.

आता ती खिडक्या उघडणार होती.

समोरच्या बाजूला, दोन घरं सोडून खालच्या अंगाला चेत्ता म्हातारी राहायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिची खाट पहिल्या मजल्याच्या खिडकीला लावलेली असायची आणि गल्लीत कोण काय खातंय, कोणाच्या दोरीवर काय वाळतंय, हे सगळं तिला ठाऊक असायचं.

"जुझे!" तिनं खिडकीतून हाक मारली. "सज्जा काढू देतेयस म्हणे? अक्कल आली वाटतं तुला!"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला काय कोणी सांगावं लागतं? हे बघ, नीट काढून घे. मागच्या वर्षी तुझ्या त्या खोक्याच्या आड संत निम्मा झाकला गेला. यंदा मला त्याचं तोंड लांबूनच दिसू दे. वर्षभर मी कशासाठी श्वास घेते असं वाटतं तुला?"

जुझा हसली. खरंतर तिथंच तिनं थांबून विचार करायला हवा होता. तिनं केला नाही.

मंडळाला तिनं एकच अट घातली. "सज्जा आधीपासून काढलात तर मी भोकातून खाली पडेन. मिरवणूक चर्चमधून निघाल्याची घंटा झाली की कार्मनूला पाठवा. अर्ध्या तासाचं काम आहे, तो स्वतःच म्हणाला." विस्तिनला ते पटलं. पटणारच. त्याच्या डोक्यात मेघडंबरी सोडून दुसरं काही नव्हतं.

उत्सवाच्या संध्याकाळी सगळी गल्ली निळी झाली होती. सज्ज्यासज्ज्यांतून रेशमी पडदे लोंबत होते, पोरं कागदाच्या पिशव्या भरून गच्च्यांवर बसली होती, खाली नुगाची मिठाई विकणारे ओरडत होते. घंटा झाली आणि कार्मनू करवत, पहारी आणि दोरखंड घेऊन जिना चढून आला. जुझानं दार लावलं, किल्ली फिरवली आणि झग्याच्या गळ्यातून आत टाकली.

"हे काय?" कार्मनू म्हणाला.

"बस. चहा घे."

"चहा? जुझा, मिरवणूक निघाली!"

"म्हणूनच म्हणते बस. उभ्यानं पाय दुखतील. वेळ लागणार आहे."

कार्मनू बावळटासारखा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला उमगलं, आणि तो मांडीवर करवत ठेवून खुर्चीत बसला. "ते मला मारून टाकतील," तो म्हणाला.

"तुला कशाला? कोंडलं मी आहे. ओरड हवं तर खिडकीतून, म्हणजे साक्षीदार होतील."

तो दोनदा ओरडला. फटाक्यांत कोणाला ऐकू गेलं नाही. मग त्यानं चहा घेतला आणि बशीतलं तीळ लावलेलं गोल बिस्कीट तोडून त्यात बुडवलं.

जुझानं काळा झगा घातला होता, बापाच्या वेळचा. ती सज्ज्यात जाऊन बसली, मधली खिडकी सताड उघडली आणि मांडीवर हात ठेवले.

वळणावरून आधी बँड आला. नेनूचीच कूच. त्यामागे कुर्त्यातले खांदेकरी, घामानं निथळणारे, पायरी पायरी मोजून उतरणारे, आणि त्यांच्यावर डुलत येणारा चांदीचा डोंगर. सुंदर होता, हे जुझाला मान्य करावं लागलं. दिव्यांत सगळा पेटल्यासारखा दिसत होता. समोर निळा पट्टा घातलेला विस्तिन उलटा चालत, दोन्ही हातांनी खांदेकऱ्यांना खुणा करत. उलटा चालत असल्यानं त्याला सज्जा दिसला तो बँडपाठोपाठ स्वतः खालून पुढे गेल्यावर.

"थांबा!" तो किंचाळला.

खांदेकऱ्यांनी दांड्यांखाली टेकूच्या काठ्या लावल्या. मूर्ती थांबली. सज्ज्याच्या इतकी जवळ, की जुझानं हात लांबवला असता तर पुढच्या देवदूताचं नाक चिमटीत धरता आलं असतं. संत वित्तोर मेघडंबरीखालून तिच्याकडे बघत होता.

"कार्मनू कुठाय?" विस्तिन खालून ओरडला.

"चहा घेतोय," जुझा म्हणाली.

"जुझा! ही थट्टेची वेळ आहे का?"

"मी कधी थट्टा केली तुमची?"

गल्लीच्या खालच्या तोंडाशी लाल मंडळाची टोळकी जमलीच होती, निळ्यांच्या उत्सवात काही चुकतं का ते बघायला. त्यांच्यातला एक जण हाताचा कर्णा करून ओरडला, "काय झालं रे निळ्यांनो? जुझाबाईनं संताला चहाला बोलावलं वाटतं!"

"साखर किती घेतो विचारा!" दुसरा म्हणाला, आणि सगळी खालची बाजू हसून लोळायला लागली.

विस्तिनचा चेहरा आधी पांढरा झाला, मग विटेसारखा. त्यानं पोलिसांच्या सार्जंटला दंडाला धरून पुढे आणलं. "दार फोडा. सज्जा कापा. मी लिहून देतो."

सार्जंटनं वर बघितलं. "घर तिचं आहे साहेब. आणि बाई आत बसलीये. तिच्यासकट कापू का?"

"मेघडंबरी उतरवा मग!" गर्दीतून कोणी म्हणालं.

"पेच आतून आहेत, मूर्तीच्या पायाखालून. इथं पायऱ्यांवर कोण उतरवणार, तुझा आजोबा?" खांदेकऱ्यांचा मुकादम म्हणाला. त्याच्या खांद्याला वळ उठले होते आणि तो कुणावर तरी ओरडायचं निमित्तच शोधत होता.

विस्तिन सज्ज्याच्या अगदी खाली आला. आवाज खाली आणला. "जुझा, पोरी. माझ्याशी तुझं काय असेल ते उद्या. हा संत आहे. त्याला अडवू नकोस."

"संताला घाई नाही, अध्यक्ष. तुम्हाला आहे."

"काय पाहिजे तुला? माफी? मागतो. सगळ्यांसमोर मागतो."

"ज्याची मागायची तो चर्चच्या दाराशी थांबला होता. बराच वेळ थांबला. तुम्ही आला नाहीत." तिचा आवाज चढला नव्हता, पण गल्ली आता इतकी गप्प झाली होती की पार वरच्या पायरीवर तो ऐकू गेला. "किल्ली तुमच्या खिशात होती. आज माझ्याजवळ आहे. बघा आता, कसं वाटतं ते."

भर गर्दीत, पट्टा घालून, तीनशे वर्षांच्या संताला मागे उभं ठेवून विस्तिन एका बटणं विकणाऱ्या बाईकडे मान वर करून बघत राहिला. हेच चित्र जुझानं दिवसचे दिवस गल्ल्यावर बसून मनात रंगवलं होतं. आता ते डोळ्यांसमोर होतं, आणि ती घोट घोट घेत होती.

पुढचं मात्र तिच्या हिशेबात नव्हतं.

बँडमधून एक क्लॅरिनेट वाजायला लागली. एकटीच, हळू. जुझानं सूर ओळखला आणि चौकट घट्ट धरली. तिच्या बापानं लिहिलेली शोककूच. परगण्यातल्या शंभर माणसांना त्या सुरांनी पोचवलं होतं. लिहिणाऱ्याला मात्र नाही. साल्वू म्हातारा रांगेतून बाहेर येऊन, टोपी काखेत मारून, सज्ज्याकडे तोंड करून वाजवत होता.

"बंद कर!" विस्तिन ओरडला. "उत्सव आहे आज! साल्वू! उद्या मंडळात पाय ठेवू देणार नाही!"

साल्वूनं डोळे मिटले. दुसरी क्लॅरिनेट आली. मग मागून एक हलकं पितळी वाद्य, मग ढोलावर कापड टाकून कोणी तरी ठोका धरला. ज्यांना पाठ होतं ते वाजवू लागले, आणि ते सगळ्यांनाच पाठ होतं. गर्दीतल्या बायकांनी नकळत छातीवर क्रूस केला. खालच्या तोंडाशी लालांपैकी कोणी हसत नव्हतं. एक-दोघांनी टोप्या काढल्या.

जुझा रडली. तोंड न झाकता, सगळ्यांना दिसेल असं. कार्मनू खुर्चीतून उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"झालं ना आता?" तो कुजबुजला. "दे किल्ली. अर्ध्या तासात काढतो."

तिनं डोळे पुसले. खाली विस्तिन होता. त्याच्या चेहऱ्यावर तिला आशा दिसली. शोककूच वाजली, बाई रडली, आता पाघळेल. तो हात पुढे करून वर बघत होता.

"नाही," जुझा म्हणाली.

मग संत परत गेला. गल्ली अरुंद, दांडे लांब, वळायला जागा नाही. खांदेकरी पाठीमागे, पायऱ्या चाचपडत, शिव्या घालत, संताचं तोंड पुढे ठेवूनच उलटे वर चढले. कोणी कूच वाजवली नाही. गच्च्यांवरच्या पोरांनी कागदाच्या पिशव्या तशाच ठेवल्या. विस्तिन रिकाम्या गल्लीत उभा राहिला, आणि मग तोही गेला. तेव्हा कुठे जुझानं किल्ली काढून कार्मनूच्या हातात दिली.

विस्तिननं दुसऱ्याच दिवशी साल्वूला खरोखरच काढलं. त्यावर निम्म्या बँडनं वाद्यं मंडळाच्या जिन्यात आणून ठेवली आणि घरची वाट धरली. हिवाळ्याआधीच विस्तिनचं अध्यक्षपद गेलं. नवे लोक जुझाकडे आले, मोठ्या आदबीनं, टोप्या हातात घेऊन. मास्तरांचं नाव पुन्हा फळ्यावर कोरायचं ठरलं होतं.

"नको," ती म्हणाली. "ती खरवडलेली जागा तशीच राहू दे. नाव कोरलंत तर तुम्ही खरवडलं होतं हे तुमची पोरं विसरतील."

ते तसेच परत गेले. परगण्यातलं गिऱ्हाईक तुटलं. लालांच्या बायका मुद्दाम वाट वाकडी करून दोरा घ्यायला येऊ लागल्या आणि तिची पाठ थोपटू लागल्या, त्यांना ती रीळ हातात देऊन सांगायची, "दोरा घ्या आणि निघा. मी तुमच्यासाठी नाही केलं." तरी झोप तिला छान लागायची. कोणी विचारलं तर ती तसं सांगायची.

चेत्ता तेवढी तिच्याशी बोलत नव्हती. खिडकी बंद. जुझा एकदा रश्श्याचं भांडं घेऊन वर गेली. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"ठेव आणि जा," ती म्हणाली.

"चेत्ताबाई, तुम्हाला तरी कळायला हवं. तुम्ही बाबांना ओळखत होता."

म्हातारी वळली. "मी तुझ्या बापाच्या पेटीमागे चालले होते गं, तेव्हा पाय होते मला. विस्तिनचं नाक कापलंस, बरं केलंस. मी असते तर कानही कापले असते. पण त्या दिवशी मी सकाळपासून केस विंचरून बसले होते. तुझ्या त्या खोक्याआडून मला फक्त चांदीचा एक पंख दिसला. एक पंख! आणि मग तो मागे मागे गेला. तुझ्या बापाचा सूड माझ्या डोळ्यांवर कशाला काढलास?"

जुझा भांडं ठेवून खाली आली आणि त्या रात्री मात्र तिला झोप आली नाही.

वसंतात सरकारनं शेजारच्या गल्लीतली दगडमाती हलवली. मिरवणुकीची वाट बदलली, कायमची. जुझाच्या गल्लीतून संत आता जाणार नव्हता. त्यावर गल्ली तिच्यावर नव्यानं चिडली. जुझा कार्मनूकडे गेली आणि म्हणाली, खुर्चीला चाकं लाव, आणि पायऱ्यांवरून उतरवताना धरायला पुढे दोन दांडे.

ऑगस्टात दोघांनी चेत्ताला उचलून खाली आणलं. सबंध वाटेत म्हातारीचं तोंड चालू होतं. हळू चालव. जोरात चालव. माझी ओढणी सरळ कर. जन्मभर दुकानात बसून हातात काही जोर राहिला नाही तुझ्या. नव्या गल्लीत लोक चेत्तासाठी बाजूला व्हायचे आणि जुझाकडे बघायचे नाहीत. ती खुर्ची ढकलत पुढे गेली.

कोपऱ्यावर विस्तिन भिंतीला टेकून उभा होता, पट्ट्याविना, इतर म्हाताऱ्यांसारखा. मिरवणूक आता दुसराच कोणी उलटा चालत नेत होता. त्याची आणि तिची नजर भेटली. त्यानं या वेळी घड्याळात बघितलं नाही, आणि तिनंही भिंतीकडे बघितलं नाही. ती मन भरेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे डोळे आधी खाली गेले. तिला बरं वाटलं.

"कुठे बघतेयस?" चेत्ता ओरडली. "संत तिकडून येतोय! पुढे घे मला, अजून पुढे! या टोपीवाल्याच्या ढुंगणाआड काय दिसणार मला?"

जुझानं खुर्ची पुढे ढकलली.